रोग रेड्याला, औषध पखालीला

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या गाडीच्या सामानाच्या दुकानांत दोन वस्तू दर्शनी भागात येऊन बसतात. एक सिलिकॉनची ट्यूब आणि दुसरं आरशाला टांगायचं अत्तर. पहिली पाणी बुजवायला, दुसरं त्या पाण्याचा वास बुजवायला. पाणी आलं कुठून हे शोधायला लागते ती तिसरी वस्तू मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तिचं नाव सवड.

गाडीत पाणी शिरणं आणि काचेला वाफ धरणं ही काय लेख लिहायची गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणाल. पण जिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्या गोव्यात ही गोष्ट किरकोळ नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की गाडीची गळती आपल्याला जमत नाही, कारण आपण ती बुजवायला धावतो, शोधायला नाही. मूळ कुठे आणि उपाय कुठे! पखालीतून पाणी वाहणारा रेडा आजारी पडला आणि औषध पखालीला पाजलं, अशी म्हण आपल्याकडे आहेच. गाडीच्या बाबतीत तर ती शब्दशः खरी होते.

आधी काचेचं बघू. काचेवर वाफ का धरते? हवेत पाण्याची वाफ असते आणि ती हवा गार पृष्ठभागाला टेकली की वाफेचं पाणी होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तेच हे. कुठल्या तापमानाला पाणी सुटू लागेल तो दवबिंदू. जुलैमधल्या आपल्या हवेचा हिशेब करा. तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू जवळजवळ २५ अंशांवर येतो. म्हणजे काच हवेपेक्षा दोनच अंशांनी गार झाली तरी पुरे! आर्द्रता ५० टक्के असती तर काच १६ अंशांच्या आसपास उतरेपर्यंत काही झालं नसतं. पावसाच्या सरीने काच दोन अंश गार होणं म्हणजे काहीच नाही. त्यात गाडीत चार माणसं, प्रत्येकाच्या श्वासातून आणि अंगातून सुटणारी वाफ, ओल्या छत्र्या, ओले कपडे. काच धूसर नाही झाली तरच नवल.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. वाफ दोन प्रकारची असते, आतली आणि बाहेरची, आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एसी फुल्ल करून त्याचा झोत पुढच्या काचेवर सोडला की काच गार पडते आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी काचेच्या बाहेरच्या बाजूला धरतं. मग माणूस आतून फडकं मारत बसतो आणि काच काही स्वच्छ होत नाही. वायपर एकदा फिरवून बघा. साफ झालं तर वाफ बाहेरची. तेव्हा एसीचं तापमान वाढवायचं आणि झोत काचेवरून हलवायचा. वायपरने फरक पडला नाही आणि बोट फिरवल्यावर रेघ उमटली, तर वाफ आतली. तेव्हा मात्र झोत काचेवरच हवा, एसी चालू हवा आणि हवा बाहेरून घेणारं बटण हवं.

आपल्याकडे हे शेवटचं बटण कोणी वापरतच नाही. ‘आतलीच हवा फिरवा’ यावर ते कायम अडकलेलं असतं, कारण त्याने गाडी लवकर गार होते. उन्हाळ्यात ते ठीक. पावसात मात्र आपण आपल्याच श्वासाची वाफ पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. एसीचं खरं काम नुसतं गार करणं नाही, हवा कोरडी करणं हेही आहे. वर सांगितलेल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं, आणि एसीतून १० अंशांवर बाहेर पडणाऱ्या हवेत ते नऊ-साडेनऊ ग्रॅमच उरतं. उरलेलं पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. म्हणून पावसाळ्यात एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावणं हा वेडेपणा नसून सर्वांत चांगला उपाय आहे. एसी हवा कोरडी करतो, हीटर तीच हवा कोमट करून काचेवर पाठवतो. ‘गोव्यात गाडीला हीटर कशाला?’ असं हसत विचारणाऱ्यांनी जुलैमध्ये रात्रीच्या वेळी चोर्ला घाटातून बेळगावला एकदा जाऊन यावं. समोरून ट्रकचे दिवे आणि मध्ये दुधाळ काच असते, तेव्हा हसू येत नाही.

हे झालं नेहमीच्या वाफेचं. पण गाडी रात्रभर बंद होती, आत कोणी नव्हतं आणि सकाळी काचेच्या आतल्या बाजूला थेंब साचलेले दिसले, तर तो निरोप समजावा. गाडीत कुठेतरी पाणी साठलंय. निरोप्याला पुसून काय उपयोग? तंबाखू चोळा, चिरलेला बटाटा फिरवा, शाम्पू लावा. लोक काय काय करतात! याने काचेवर थेंब न दिसता पातळ थर पसरतो इतकंच. पाणी गाडीतच राहतं.

माझ्या गाडीची कथा सांगतो, कारण तिच्यावरूनच हे सगळं डोक्यात आलं. दोन पावसाळ्यांपूर्वी पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी येऊ लागलं. एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी बघितलं न बघितलंसं करून सांगितलं, पुढच्या काचेचं सील गेलंय. काचेच्या कडेने सिलिकॉन फासलं, बिल केलं. पुढच्या सरीला पाणी पुन्हा हजर. दुसऱ्या गॅरेजमध्ये म्हणाले, एसीची नळी तुंबलीय. ती साफ केली, वर दरवाज्याचं रबर, म्हणजे त्यांच्या भाषेत बीडिंग, नवीन घातलं. बिल आधीपेक्षा मोठं. पाणी आपलं होतं तिथेच. दोन्हीकडे कामाची माणसं प्रामाणिक होती, फसवायचा हेतू नव्हता. पण दोघांनीही उत्तर आधी ठरवलं आणि प्रश्न नंतर ऐकला.

मग एका ओळखीच्याने टिंकरिंगचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्तांचं नाव सुचवलं. मेस्तांनी गाडीला हातही न लावता विचारलं, “पाणी पावसांत येता, काय एसी लायल्यार?” पावसात, मी म्हटलं. एसी न लावताही येतं. “मागीर एसी न्हय.” पुढचा प्रश्न, “गाडी खंय दवरतात?” आंब्याखाली, मी म्हटलं. मेस्त हसले आणि त्यांनी पाण्याचा पाईप मागवला.

त्यानंतर जे झालं ते मी तासभर उभा राहून बघितलं. आधी मॅट आणि कार्पेट उचलून आतलं सगळं कोरडं केलं. कार्पेटखालच्या फेल्टमधून इतकं पाणी पिळून निघालं की बादलीचा तळ भरला. वरून हात लावला तर कार्पेट फक्त दमट वाटत होतं! मग डॅशबोर्डखालच्या उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. नातवाला टॉर्च देऊन आत बसवलं आणि स्वतः बाहेरून पाणी सोडू लागले. धार बारीक, आणि सुरुवात खालून. आधी दरवाज्याचा तळ, पाच मिनिटं. मग दरवाज्याची काच, पाच मिनिटं. मग पुढच्या काचेच्या खालच्या कडेला. वायपरच्या मुळाशी धार आली आणि आतून नातू ओरडला. पावडरीत एक ओली रेघ वरून खाली आली होती. बोनेट आणि काच यांच्या मधलं जाळीदार झाकण काढलं, तर खाली कुजलेल्या आंब्याच्या पानांचा लगदा. पाणी जायची भोकं बुजलेली, म्हणून ती पन्हळ भरून पाणी एसीला हवा घेणाऱ्या तोंडातून थेट आत. काच चांगली होती, रबर चांगलं होतं, एसीही चांगला होता. मूठभर पानं काढली आणि गळती संपली. मेस्तांनी तीनशे रुपये सांगितले.

खालून सुरुवात का, हे मी विचारलं. त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. आणि तिथे मला आमच्या जुन्या घरांची आठवण झाली. मृगाआधी नळे परतायला माणूस यायचा. वर चढण्यापूर्वी तो घरात येऊन आधी खालून छपराकडे बघत बसायचा. कारण ठिबकतं तिथे भोक नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पाणी एका नळ्यातून शिरतं, वाशावरून चार हात सरपटत येतं आणि भलत्याच ठिकाणी खाली पडतं. तो वाशावरचा काळा डाग वाचत वर वर जायचा. पुढे नळ्यांच्या जागी मंगळुरी कौलं आली (त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला), तरी डाग वाचायची रीत तीच राहिली. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही. म्हणून खाली पाणी ओतून आत काही आलं नाही, तर खालचा भाग निर्दोष. मग एक पायरी वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच फटींवरून वाहतं आणि चोर कोण ते कळत नाही. माझ्या मते ही विद्या घराची होती, आणि मेस्तांनी ती गाडीला लावली एवढंच.

गाडीत पाणी शिरायच्या वाटा तशा मोजक्याच आहेत. पन्हळीत साठलेली पानं ही एक. एसीची नळी तुंबली तर पाणी ऊन असतानाही येतं, स्वच्छ असतं, आणि गाडीखाली नेहमीसारखं ठिबकत नाही. दरवाज्यात काचेच्या फटीतून पाणी शिरणारच, गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं असतं. दरवाज्याच्या तळाला ते जायची भोकं असतात, आणि पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा ते आत येऊ देत नाही. कोणीतरी नवीन स्पीकर बसवताना तो पडदा फाडतो आणि तसाच सोडतो. मग मागच्या सीटच्या पायाशी तळं. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी दिसलं, तर मागच्या दिव्यांचं गॅस्केट, डिकीचं रबर किंवा पत्र्याच्या जोडावरचं सीलंट बघावं. बाहेरून घातलेल्या हॉर्नची, दिव्यांची वायर आत नेताना रबरी बूच नीट न बसवणं हीही एक वाट. आणि पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट थर धरत असेल, तर ते पावसाचं नव्हेच. तो हीटरमधून गळणारा कूलंट. तो विषारी असतो, आणि इंजिनातला कूलंट कमी होत असतो. तिथे रेंगाळू नये.

आता सनरूफ. हल्ली छोट्या गाड्यांनाही तो येतो, आणि लोक हौसेने घेतात. घ्यावा. पण शोरूममध्ये कोणी सांगत नाही की सनरूफ हे काही घट्ट बंद झाकण नव्हे. त्याच्या कडेने पाणी थोडं आत शिरणारच. ते एका पन्हळीत पडून चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी, खांबांच्या आतून खाली जातं. त्या नळ्या मातीने, मोहराच्या कचऱ्याने बुजल्या की पाणी छताच्या कापडातून टपकतं किंवा खांबातून उतरून पायाशी येतं. झाडाखाली गाडी उभी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विकत घेतानाच समजून घ्यायला हवं, आणि विकणाऱ्याने सांगायला हवं.

“एवढा उपद्व्याप कशाला? थोडं पाणी आलं तर आलं, ऊन पडलं की वाळेल,” हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. त्याला उत्तर देणं भाग आहे. एक तर ते वाळत नाही. वरचं कार्पेट वाळतं, खालचं फेल्ट महिनोन्‌महिने ओलं राहतं. त्याला टेकून असतो तो पत्रा. आजच्या मोटारींत वेगळी चॅसी नसते, तळाचा पत्रा हाच गाडीचा सांगाडा असतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आधीच गंजाला आमंत्रण, त्यात हा आतून शेक. जुन्या फियाटमध्ये पायाखालच्या भोकातून रस्ता दिसायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. दुसरं, आज सीटखाली आणि कार्पेटखाली वायरिंगचे जोड असतात, एअरबॅगचे कनेक्टर असतात, काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेट्याही असतात. पाण्याने त्या कधी आणि कशा बिघडतील, याचा नेम नाही. तिसरं, बुरशी. दम्याच्या माणसाला बंद गाडीतला तो कुबट वास म्हणजे शिक्षाच. अत्तर टांगून बुरशी जात नाही, दोन्हींचा मिळून तिसरा वास तयार होतो!

सिलिकॉन फासण्यानेही तोटाच होतो. आतून फट बुजवली की पाणी बाहेरून शिरतच राहतं, फक्त जोडात कोंडून बसतं आणि तिथेच गंज धरतं. आंबट वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याला स्वतःच चावतं. आणि पुढे कधी काच खरोखर काढून बसवायची वेळ आली, तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी काचेचं खरं चिकटद्रव्य धरत नाही. म्हणजे आजचा स्वस्त उपाय उद्याच्या खऱ्या उपायाची वाट बंद करतो.

मग दोष कुणाचा? गॅरेजवाल्यांना चार शब्द सुनावणं सोपं आहे. पण माझ्या मते अर्धा दोष आपला, गिऱ्हाइकांचा आहे. आपण बिल हातात घेतलं की पहिला प्रश्न काय विचारतो? “काय काय बदललंत?” नवीन रबर दिसलं की पैसे द्यायला हात आखडत नाही. पण ‘तासभर पाणी मारून शोधलं, पानं काढली’ एवढंच बिलावर असेल, तर आपण म्हणतो, “यात काय केलंत?” शोधण्याचे पैसे द्यायला आपण तयार नाही, म्हणून शोधणारी माणसं उरत नाहीत. उरतात ती बदलणारी. डॉक्टर, वकील यांच्याकडे नुसतं बघण्याचे पैसे आपण निमूट मोजतो. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाच्या बघण्याला मात्र किंमत नाही! मेस्तांना मी तीनशेच्या वर दिले तेव्हा ते घेईनात. “सामान कांयच घालूंक ना न्हय,” असं त्यांचं म्हणणं. आपल्या नजरेला मोल आहे यावर त्यांचाही विश्वास राहिलेला नव्हता. मला हीच गोष्ट सर्वांत लागली. नातू शेजारी उभा होता, टॉर्च हातात धरून. त्याने ही विद्या का शिकावी, याचं कुठलं उत्तर आपण त्याला देतो आहोत?

जुनी गाडी घेणाऱ्यांनाही हीच नजर उपयोगी पडते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ मध्ये आपल्याकडे सत्तरी, डिचोलीत पूर आला. पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येऊ शकतात, आणि कदाचित चार जिल्हे लांब. कार्पेटचा कोपरा उचलून बघा. सीटच्या बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळाची रेघ, दिव्यांच्या आत वाफ, आणि एवढ्या स्वच्छ गाडीत एवढं भारी अत्तर का, हा साधा प्रश्न!

आमच्याकडे मे महिना संपत आला की पुरूमेताची खरेदी होते. खारवलेली मासळी, मिरच्या, सोलं, लाकूडफाटा. चार महिन्यांचा विचार आधी करायची ती सवय. छपरावरचे नळे तेव्हाच परतले जायचे, पडवीला झापं तेव्हाच लागायची. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर कोणी चढत नसे. गाडीलाही त्याच यादीत घ्यायला काय हरकत आहे? वायपरखालची पन्हळ हाताने साफ करा. दरवाज्याच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. दरवाज्यात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज सुटली तर तिथलं रबर सैल आहे. सनरूफ असेल तर त्याच्या पन्हळीत कपभर पाणी ओतून ते चाकांपाशी खाली येतं का बघा. काचेला आतून एकदा स्वच्छ पुसा, कारण मळकट काचेवर वाफ लवकर धरते. एका रविवारची सकाळ पुरते. एवढं करूनही पाणी आलंच, तर ज्याच्याकडे न्याल त्याला आधीच सांगा, “शोधून द्या, शोधण्याचे पैसे वेगळे देतो.” हे वाक्य ऐकून काही जण चकित होतील. पण काही जण खूश होऊन पाण्याचा पाईप आणायला जातील. गाडी त्यांच्याकडेच ठेवा.